सिस्टर, माझं काय चुकलं?

औंध म्हटलं की बाहेरच्या माणसाला हटकून पुण्याचं औंध आठवतं. पण आपलं औंध वेगळं. डोंगरावरच्या यमाईचं, पंतप्रतिनिधींच्या संग्रहालयाचं, खटाव तालुक्यातलं औंध. या औंधच्या आणि आसपासच्या पुसेसावळी, वडूज, विटा भागातल्या कितीतरी मुली बारावी झाली की नर्सिंगची वाट धरतात. कुणी साताऱ्याला जाते, कुणी कराडला, कुणी सांगली-मिरजेला. 'पोरगी पायावर उभी राहील' या एका वाक्यावर घरात निर्णय होतो. बॅग भरली जाते, पांढरा गणवेश शिवला जातो, आणि आई लाडूचा डबा देऊन हॉस्टेलच्या दारातून परत फिरते.

मग आठ-पंधरा दिवसांत फोन येतो. "आई, मला इथं नाही राहायचं."

आपल्याला वाटतं, अभ्यास जड जात असेल, नाहीतर रक्त बघून चक्कर येत असेल. पण मुलीला जरा मोकळं बोलू दिलं, तर बहुतेक वेळा कारण निराळंच निघतं. "सगळ्यांसमोर बोलल्या गं मला."

बोलणी आणि शिकवण

नर्सिंगचं शिक्षण नुसतं पुस्तकातून होत नाही. जीएनएम असो की बी.एस्सी. नर्सिंग, पहिल्या वर्षापासूनच मुलगी वॉर्डात उभी राहते. आधी बाहुल्यावर, मग खऱ्या माणसावर. चादर घालणं, ताप-नाडी-श्वास मोजणं, तोंडाची स्वच्छता, स्पंजिंग, सगळं कुणाच्या तरी नजरेखाली. शिकवणाऱ्या मॅडम बघतात, वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर बघतात, सीनिअर मुली बघतात, पेशंटचे नातेवाईकही बघतात. अठरा वर्षांच्या पोरीला दिवसातून दहा वेळा कुणी ना कुणी काहीतरी सांगत असतं.

हे सांगणं गरजेचंच आहे. इथली चूक म्हणजे मीठ जास्त पडलेली भाजी नव्हे. प्रश्न एवढाच, की सांगायचं कसं.

"एवढं साधं येत नाही? कशाला आलीस नर्सिंगला?" हे एक सांगणं. "तू श्वास पंधरा सेकंद मोजलास आणि चारनं गुणलंस. पूर्ण मिनिट मोज. आणि पेशंटला कळू देऊ नकोस, नाहीतर तो श्वास बदलतो," हे दुसरं सांगणं. पहिल्यात मुलगी चुकली, दुसऱ्यात कृती चुकली. पहिलं ऐकून ती रात्री उशीत तोंड खुपसून रडेल, पण सकाळी श्वास पुन्हा पंधराच सेकंद मोजेल. कारण कसा मोजायचा ते तिला कुणी सांगितलेलंच नाही.

क्लुगर आणि डेनिसी या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये अशा अभिप्रायांवरचे अनेक अभ्यास एकत्र करून तपासले. सरासरीनं अभिप्रायाचा फायदा होतो, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानंतर माणसाचं काम सुधारण्याऐवजी बिघडलं, असं त्यांना आढळलं. बोलण्याचा रोख कामावरून माणसाकडे वळला, की त्याचा उपयोग कमी होतो, असं त्यांचं म्हणणं. आपल्या आजीला हे अभ्यासाशिवाय ठाऊक होतं. भाकरी थापताना ती म्हणायची, "कडेनं दाब, मध्ये नको." आणि काही घरांत मात्र नव्या सुनेला फक्त "माहेरी काही शिकवलं नाही का?" एवढंच ऐकू यायचं. कुठल्या घरातल्या सुनेची भाकरी लवकर सुधारली असेल, ते तुम्हीच सांगा!

भीतीनं लिहिलेला 'वीस'

यात खरं नुकसान कुणाचं होतं? आपल्याला वाटतं, मुलीचं. पण मैत्रिणींनो, नुकसान खाटेवरच्या माणसाचंही होतं.

घाबरलेली मुलगी विचारत नाही. श्वास नीट मोजता आला नाही तर ती पुन्हा मोजायला जात नाही, कारण 'अजून झालं नाही?' ही हाक मागून येणार असते. मग कागदावर एक आकडा पडतो. वीस. शेजारच्या खाटेवरही वीस. पलीकडेही वीस. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण बारा ते वीस असतो. त्यामुळे वीस लिहिलं की कुणी शंका घेत नाही. पण पेशंटची तब्येत बिघडायला लागते तेव्हा पुष्कळदा श्वास आधी वाढतो. तो अठ्ठावीस झालेला असताना कागदावर वीसच असेल, तर डॉक्टरांना कळायचं कसं?

म्हणून चांगल्या मॅडम आणि चांगल्या सिस्टर एक गोष्ट पहिल्या दिवसापासून बजावतात: "जमलं नाही तर सांग, पण खोटं लिहू नकोस." आणि मुलगी येऊन खरंच सांगते, तेव्हा त्या तिच्यावर ओरडत नाहीत. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे, आणि जास्त मोलाचीही.

मुलीनंही एक सवय लावून घ्यावी. बोलणी बसली की तोंड पाडून निघून न जाता विचारावं, "सिस्टर, माझं काय चुकलं? पुढच्या वेळी काय वेगळं करू?" ओरडणारा माणूसही या प्रश्नानं थांबतो, आणि बहुतेक वेळा सांगू लागतो. खिशात एक छोटी वही ठेवावी. आज काय सांगितलं गेलं, एका ओळीत लिहावं. 'मॅडम रागावल्या' असं नाही. 'कफ कोपराच्या वर बांधायचा, सैल नको' असं. महिन्याभरानं ती वही उघडली की कुठल्या चुका गेल्या आणि कुठली अजून चिकटून आहे, ते आपलं आपल्याला दिसतं.

देवराष्ट्र्याची लेक

या गोष्टीला आपल्याच मातीतला एक जुना धागा आहे. रमाबाई रानडे यांचा जन्म १८६२ मध्ये देवराष्ट्रे गावचा. तेव्हाचा सातारा जिल्हा, आज सांगलीत. १८७३ मध्ये लहान वयात लग्न होऊन त्या न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी आल्या. न्यायमूर्तींनी त्यांना स्वतः लिहा-वाचायला शिकवलं. पण घरातल्या बायकांना बाईमाणसानं शिकणं, त्यातून इंग्रजी शिकणं, रुचणारं नव्हतं. रमाबाईंच्या आठवणींत त्या टोमण्यांचा जाच वाचायला मिळतो. एकाच घरात एक माणूस हात धरून शिकवतोय आणि बाकीच्या शिकतेस म्हणून बोलतायत, हे दोन्ही त्यांनी सोसलं.

पुढे १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं. तिथल्या बायका, त्यात तरुण विधवाही, ससून रुग्णालयात नर्सिंग शिकू लागल्या. त्या काळी परक्या माणसाची सेवा हे काम घरंदाज बाईचं मानत नव्हते. एका समारंभात अशी एक विधवा विद्यार्थिनी बक्षीस घ्यायला मंचावर आली, तेव्हा प्रेक्षकांतल्या काहींनी तिची टिंगल केली. रमाबाईंनी भर सभेत त्या टिंगल करणाऱ्यांना खडसावलं. स्वतः टोमणे खाल्लेल्या बाईनं ते पुढच्या मुलीपर्यंत जाऊ दिले नाहीत, मध्येच अडवले. माझ्या मते नर्सिंगच्या प्रत्येक सीनिअर मुलीनं ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आता माझी पाळी!

कारण वर्ष-दोन वर्षांत पारडं फिरतं. कालची घाबरट मुलगी तिसऱ्या वर्षाला जाते आणि पहिल्या वर्षाच्या दोन-तीन मुली तिच्यासोबत वॉर्डात दिल्या जातात. जीएनएमच्या शेवटच्या वर्षात इंटर्नशिप असते. वॉर्ड कसा सांभाळायचा आणि दुसऱ्याला कसं शिकवायचं, हेही अभ्यासक्रमातच आहे.

इथं खरी परीक्षा होते. सासूचे चार दिवस, सुनेचे चार दिवस म्हणतात ना, तसंच. "आम्ही नाही का सोसलं? तुम्हीही सोसा," हे वाक्य जिभेवर तयारच असतं. त्यात फार दुष्टपणा असतो असंही नाही. आपल्याला ज्या भाषेत शिकवलं गेलं, तीच भाषा तोंडात येते. पण ज्युनिअरसमोर उभं राहिल्यावर पोरीला पहिल्यांदा कळतं, की ओरडायला काहीच लागत नाही. समजावून सांगायला मात्र आधी आपल्याला समजलेलं असावं लागतं.

ज्युनिअर विचारते, "ताई, नाडी अंगठ्यानं का नाही बघायची?" दोन वर्षं ही ताई दोन बोटांनीच नाडी बघतेय, पण 'का' विचारल्यावर ती अडते. मग पुस्तक उघडते. अंगठ्याचीही स्वतःची नाडी लागते, त्यामुळे पेशंटची म्हणून आपलीच मोजली जाण्याचा धोका असतो. "वापरलेल्या सुईला टोपण का नाही लावायचं?" टोपण लावतानाच सुई हाताला टोचते, म्हणून. ती तशीच पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाकायची. पाठ केलेलं आता उमजू लागतं. परीक्षेसाठी शंभरदा वाचून जे डोक्यात राहिलं नाही, ते एका ज्युनिअरला एकदा सांगून पक्कं होतं.

पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन परिचारिकेनं १९८४ मध्ये एका पुस्तकात नर्सच्या वाढीच्या पाच पायऱ्या मांडल्या, अगदी नवखीपासून निष्णातपर्यंत. नवखी नियम धरून चालते. निष्णात नर्स पेशंटचा चेहरा बघूनच ओळखते, काहीतरी बिनसलंय. पण या पायऱ्या चढून गेलेल्या बाईला खालची पायरी दिसेनाशी होते. 'यात काय अवघड आहे?' असं तिला प्रामाणिकपणे वाटतं. तिसऱ्या वर्षाच्या मुलीला मात्र ती पायरी अजून आठवत असते. म्हणून कधी कधी मॅडमपेक्षा तीच ज्युनिअरला नीट समजावू शकते.

मात्र काही पथ्यं पाळावीत. आधी स्वतः करून दाखवावं, मग तिला करू द्यावं, आणि ती करत असताना शेजारी उभं राहावं. 'जा, करून ये' म्हणजे देखरेख नव्हे. औषध द्यायच्या आधी योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाचही तिच्या तोंडून ऐकावेत. चूक झालीच, तर पहिल्यांदा पेशंटकडे बघावं, लगेच सिस्टरना सांगावं, आणि ज्युनिअरशी बोलणं नंतर, बाजूला नेऊन करावं. चूक झाकून तिला 'वाचवणं' ही मैत्री नव्हे. आणि स्वतःही विद्यार्थिनीच आहोत हे विसरू नये. जबाबदार नोंदणीकृत सिस्टरची जागा सीनिअर मुलगी घेऊ शकत नाही.

औंधची शिकवण

जबाबदारी देऊन माणूस घडवायचा, हे औंधला नवं नाही. राजे भवानराव पंतप्रतिनिधी शाळेतल्या मुलांना सूर्यनमस्कार घालायला लावत, पण आधी स्वतः रोज घालत. १९३९ मध्ये त्यांनी गांधीजींच्या सल्ल्यानं संस्थानाचा कारभार प्रजेच्या हाती सोपवला.  त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. भिंती नसलेला तुरुंग! कैद्यांवर विश्वास टाकून त्यांना शेती कसायला दिली. व्ही. शांतारामांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' त्याच प्रयोगावरून सुचला. विश्वास टाकला की माणूस तो पेलायला शिकतो. मात्र विश्वास टाकणाऱ्यानं सोबत राहावं लागतं. वॉर्डातही याहून वेगळं काही नाही.

घरच्यांसाठी

आता आपल्याविषयी. मुलीचा रडका फोन आला की आपण दोन टोकं गाठतो. एक तर "ये निघून, नाही शिकायचं," नाहीतर "एवढं चालायचंच, सहन कर." त्याऐवजी विचारा, "नेमकं काय म्हणाल्या? कशाबद्दल म्हणाल्या?" उत्तर हातातल्या कामाबद्दल असेल, तर ती शिकतेय, काळजी नको. उत्तर तिच्या जातीबद्दल, रंगाबद्दल, घरच्या परिस्थितीबद्दल असेल, किंवा सीनिअर मुली छळत असतील, तर ते शिकवणं नव्हे. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. प्राचार्यांकडे लेखी तक्रार करा आणि मुलीच्या पाठीशी उभ्या राहा.

आणि ती सीनिअर झाली की एकदा मुद्दाम विचारा, "तुझ्या ज्युनिअरला तू कसं सांगतेस गं?" घरी भाकरी, रांगोळी, शिलाई शिकवताना आपण जसं बोलतो, तसंच ती तिथं बोलणार आहे. धाकटीची भाकरी तव्यावर फाटली, तर आज तिला काय म्हणायचं, ते आपल्या हातात आहे.