वरून मिळालेला अधिकार आणि मराठी ख्रिस्ती लेखणी

देव सर्वसमर्थ आहे, स्वर्ग आणि पृथ्वी यांचा तो निर्माता आहे, ही वाक्ये मराठी मंडळ्यांत दर रविवारी मतांगीकारात म्हटली जातात. ती समजावून सांगायला दिवाळी अंकाची पाने लागत नाहीत. मला आयुष्यभर छळत आला तो त्यापुढचा प्रश्न. सर्वोच्च सत्ता देवाची, हे मान्य केले. पण पृथ्वीवर तिच्या नावाने बोलायचे कोणी? पोपने, राजाने, बिशपने, मिशनच्या कमिटीने, की एखाद्या विधवा बाईने आपल्या खोलीत बसून? मराठी ख्रिस्ती लेखनाचा चारशे वर्षांचा आढावा मी या एका प्रश्नाच्या अंगाने घेणार आहे.

योहानाच्या शुभवर्तमानातला एकोणिसावा अध्याय घ्या. पिलात येशूला म्हणतो, तुला सोडायचा आणि वधस्तंभावर द्यायचाही अधिकार मला आहे. येशू उत्तरतो की वरून दिला गेला नसता तर तुझा माझ्यावर काहीच अधिकार चालला नसता. या उत्तरातून दोन वाटा फुटतात. सत्ता वरून आलेली आहे, म्हणून तिच्यापुढे मान तुकवा, ही एक. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय या वाटेवरच्यांचा आधार. सत्ता वरून आलेली आहे, म्हणजे ती उसनी आहे आणि तिचा हिशेब द्यावा लागणार आहे, ही दुसरी. माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, असे पेत्र न्यायसभेला सुनावतो तेव्हा तो या दुसऱ्या वाटेवर उभा असतो. मीही तिथलाच.

युरोपचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे, तो भरभर ओलांडू. ३२५ साली निकियाच्या परिषदेत पुत्र पित्याशी एकतत्त्व ठरला, आणि ती परिषद बोलावणारा होता सम्राट कॉन्स्टंटाइन. १३०२ मध्ये आठव्या बोनिफेसने, पोपच्या अधीन असणे प्रत्येक माणसाच्या तारणाला आवश्यक आहे, असे जाहीर केले. पुढे लूथर आला. १८७० मध्ये व्हॅटिकनच्या परिषदेने पोपच्या प्रमादातीततेचा सिद्धांत मांडला. या सगळ्या रेट्यात फिलिप्पैकरांस पत्रातला दुसरा अध्याय, देवाच्या स्वरूपाचा असूनही ज्याने स्वतःला रिक्त केले त्या ख्रिस्ताचा, उपासनेत राहिला आणि कारभारातून गेला. जर्मनीत १९३४ साली बार्मेनच्या जाहीरनाम्याने तो अंशतः परत आणला. ख्रिस्ताखेरीज दुसऱ्या कोणा धन्याचे जीवनाच्या कुठल्याही क्षेत्रावर स्वामित्व नाही, असे जाहीरनामा काढणाऱ्या मंडळींनी हिटलरच्या राज्यात लिहून दिले.

आता आपल्याकडे येऊ. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले आणि १६१६ मध्ये रायतूरला त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून झाले. जवळजवळ अकरा हजार ओव्या. त्यांच्या भाषेबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, ते बाजूला ठेवतो. मला थांबवते ती ग्रंथाची चौकट. साष्टीतला, नुकताच बाप्तिस्मा घेतलेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की जुनी पुराणे वाचायला तुम्ही मनाई केलीत, मग त्यांच्या जागी आम्ही वाचावे असे काही का देत नाही? ज्या पोर्तुगीज राज्यात देवळे पाडली गेली आणि पोथ्या हिरावून घेतल्या गेल्या, तिथे बंदी घालणाऱ्यांच्याच बाजूचा एक धर्मगुरू हा प्रश्न आपल्या ग्रंथाच्या दाराशी मांडतो. पुढे तो आदिपुरुषाची निर्मिती सांगतो, देवदूतांचे बंड सांगतो, आणि मग त्याच सर्वसमर्थाला गोठ्यात जन्माला घालतो. ओवी तिथे मवाळ होत जाते. ‘हे नुसते धर्मांतराचे हत्यार’ म्हणून हा ग्रंथ झटकणारे अभ्यासक आहेत. त्यांनी तो पहिल्या अध्यायापलीकडे वाचला असेल, असे मला वाटत नाही. ज्या सत्तेचे ते हत्यार म्हणतात, त्याच सत्तेने १६८४ साली फर्मान काढून लोकभाषेवर घाला घातला. ‘ख्रिस्तपुराणा’च्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची आज एक प्रतही हाती नाही. ते टिकले हस्तलिखितांत आणि लोकांच्या तोंडी.

त्यानंतरचा मोठा काळ कोरडा आहे. अमेरिकन मिशनरी मुंबईत आले, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू झाले, पुस्तिकांचे ढीग छापले गेले. त्यातल्या बहुतेकांत देव म्हणजे न्यायाधीश, आणि लिहिणारा मिशनरी त्याचा कारकून. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) आणि आत्मचरित्र ‘अरुणोदय’ यांना यातून वगळतो. त्यांना स्वतःचा आवाज होता.

आणि मग पंडिता रमाबाई. इथे मी घाई करणार नाही.

१८८३ च्या सप्टेंबरात, इंग्लंडात वाँटेजच्या भगिनी-मठात रमाबाईंनी आपल्या लहानग्या मुलीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती झालेले पंडित नीलकंठशास्त्री गोरे यांच्या युक्तिवादाने त्यांची बुद्धी जिंकली होती. आश्रय देणाऱ्यांना वाटले की आता ही बुद्धिमान हिंदी विधवा शिकेल, ऐकेल आणि सांगितलेल्या कामाला लागेल. पण बाई प्रश्न विचारू लागल्या. अथानेशियन मतांगीकार त्या म्हणेनात. येशूचे देवत्व, त्रैक्य, कुमारीजन्म या प्रत्येक गोष्टीचा बायबलातला आधार मागू लागल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, आमच्या लोकांना लॅटिन कुठे येते, असे विचारू लागल्या. अंडे घातलेला पदार्थ त्या खात नसत. गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांना त्यातही अहंकार दिसला. चेल्टनहॅमच्या कॉलेजात रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे असा बेत निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या इंग्रज बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी कळवले की आपल्या घरच्यांनीही जी मोकळीक दिली, ती हिरावण्याचा हक्क या दूरच्या माणसांना कोणी दिला?

१८८५ च्या मे महिन्यातल्या एका पत्राचा आशय मी तरुणांना नेहमी सांगतो. हिंदुस्थानातल्या पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने मान सोडवली आहे. पाद्री जे जे सांगतील ते परात्पराची आज्ञा म्हणून स्वीकारून तसेच दुसरे जोखड मी मानेवर घेणार नाही, असे त्या लिहितात. आश्रयाला असलेली, परदेशात एकटी, पदरी मूल, आणि वय सत्तावीस. देवाची सत्ता त्या नाकारत नव्हत्या, ती अढळ मानत होत्या, आणि म्हणूनच मधल्या दलालांना बाजूला सारत होत्या. येशूने पिलाताला दिलेल्या उत्तराचे इतके सरळ मराठी भाष्य मी दुसरे वाचलेले नाही, मग ते पत्र इंग्रजीत असेना का. जेराल्डीनबाईंचे ऋणही मानले पाहिजे. ज्या पत्रांनी त्यांना इतका मनस्ताप दिला, ती त्यांनी जपून ठेवली. १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती प्रसिद्ध केली.

रमाबाई पुढे बदलल्या, केडगावला गेल्यावर बुद्धिवाद सोडून भाबड्या झाल्या, असा एक ठराविक सूर स्त्री-अभ्यासाच्या चर्चासत्रांत ऐकू येतो. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या १९०५ च्या आध्यात्मिक जागृतीचा दाखला देऊन विषय मिटवला जातो. मला हे मुळीच मान्य नाही. त्याच केडगावात या बाईंनी ग्रीक आणि हिब्रू शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणायला घेतले. कशासाठी? दुष्काळातून आलेल्या, अक्षरओळख नुकतीच झालेल्या बायकांना कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागू नये म्हणून. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या त्याच बायका होत्या. नवा करार १९१३ मध्ये आला. १९२२ च्या एप्रिलात बाई गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. वाँटेजच्या पत्रांत जे मागितले, तेच केडगावच्या छापखान्यात प्रत्यक्षात आणले. यात बदल कुठे आहे?

नारायण वामन टिळकांविषयी सगळे लिहितात, पण त्यांच्या अभंगांविषयी. आमच्या नगरकडच्या घरांत ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक पाट्यावरच्या वरवंट्याइतके रोजच्या हाताचे होते. त्यातली टिळकांची गीते मला बायबलाच्या आधी पाठ झाली. तरीही टिळकांची सर्वांत धाडसी कृती कवितेत नाही. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभारला. त्या दरबारात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले ख्रिस्तभक्त शेजारी बसणार होते. राजा एकच, ख्रिस्त. मिशनचा साहेब त्यात कोणी नाही. १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले आणि दरबार मोडला. तो अव्यवहारी होता, असे म्हणणारे मंडळीत तेव्हाही होते, आजही आहेत. दोन वर्षेही न मिळालेल्या प्रयोगाला व्यवहाराची कसोटी लावणे अन्यायाचे आहे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मात्र टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले, आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहून नवऱ्यासकट सगळ्या वडीलधाऱ्यांना माणसाच्या उंचीवर आणून ठेवले.

आमच्या लहानपणी गावचे पाळक सायकलवरून फिरत. पगार तुटपुंजा असे, पण जमिनीच्या तंट्यात पाटलासमोर उभे राहून बोलायची त्यांची तयारी असे, कारण त्यांचा धनी वेगळा होता. आज मोठ्या शहरांतल्या सभांना जातो तेव्हा व्यासपीठावरून देवाच्या सामर्थ्याचा गजर कानठळ्या बसवतो. हे सामर्थ्य कशासाठी? बढतीसाठी, व्हिसासाठी, फ्लॅटसाठी. उपदेशकाला प्रश्न विचारणे म्हणजे अभिषिक्ताविरुद्ध बोलणे, असे ऐकवले जाते. रमाबाईंनी ज्याला जोखड म्हटले, ते मंडळ्या आता हौसेने गळ्यात बांधून घेत आहेत. धर्मशिक्षण घेणाऱ्या मुलांना मी रमाबाईंच्या पत्रांबद्दल विचारले, तर बहुतेकांनी नावही ऐकलेले नव्हते. हे पाहून मला फार वाईट वाटते.

अलीकडच्या काळात रमाबाई-टिळकांच्या परंपरेतला ठळक माणूस वसईचा, फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, हे सर्वांना आठवते. त्यांच्या धर्मशास्त्राची खरी परीक्षा झाली ती ‘हरित वसई’च्या चळवळीत. जमीन आणि पाणी गिळू पाहणाऱ्यांविरुद्ध ते लोकांबरोबर रस्त्यावर उतरले. पृथ्वी देवाची आहे, हे विधान त्यांनी सातबाऱ्यापर्यंत नेले. धर्मगुरूने राजकारणात पडू नये, असे त्यांना चर्चमधून आणि बाहेरूनही सुनावले गेले. २०२४ च्या जुलैत ते गेले. त्यानंतर आलेले मृत्युलेख मी चाळले, तर बहुतेकांत संमेलन सविस्तर होते आणि हरित वसई एका ओळीत.