उद्यानविद्येची पदव्युत्तर पदवी आणि शहरातली शेती

फळे, भाज्या, फुले, मसाला पिके आणि औषधी वनस्पती यांची लागवड, निगा आणि काढणीनंतरची हाताळणी हा उद्यानविद्येचा विषय आहे. महाराष्ट्रात १९९० साली फळबाग लागवडीची रोजगार हमी योजनेशी सांगड घातली गेली आणि आंबा, काजू, डाळिंब, संत्रा यांच्या बागा कोरडवाहू माळांवर आणि डोंगरउतारांवरही उभ्या राहिल्या. बागा वाढल्या तशी जाणत्या तज्ज्ञांची गरजही वाढली. आता शहरांमधील गच्च्या, सोसायट्यांची आवारे आणि पालिकांची उद्याने यांनाही या शास्त्राची गरज भासू लागली आहे.

राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील चार कृषी विद्यापीठांमध्ये उद्यानविद्येचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. प्रत्येक विद्यापीठाच्या कामावर त्याच्या मुलखाची छाप आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ हा आंबा दिला. ‘भगवा’ डाळिंबामागे राहुरीचे काम आहे, तर केवडा रोगाला तोंड देणारी ‘परभणी क्रांती’ भेंडी मराठवाड्यातून आली. अकोल्याच्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात विदर्भाचा संत्रापट्टा येतो. प्रवेशासाठी कृषी किंवा उद्यानविद्येची चार वर्षांची पदवी लागते आणि प्रवेश परीक्षा द्यावी लागते. राज्याबाहेरच्या विद्यापीठांत किंवा दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत शिकायचे असल्यास राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा असते.

एम.एस्सी.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, म्हणजे चार सत्रांचा असतो. फळशास्त्र, भाजीपाला शास्त्र, पुष्पशास्त्र व उद्यानरचना, काढणीपश्चात तंत्रज्ञान अशा शाखांपैकी एक निवडावी लागते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या सध्याच्या आराखड्यानुसार पदवी ७० क्रेडिटची आहे. त्यांपैकी ३० क्रेडिट एकट्या प्रबंधाचे असतात. उरलेल्यांत मुख्य विषय, मृदाशास्त्र किंवा वनस्पती रोगशास्त्रासारखा जोडविषय, संख्याशास्त्र आणि एक चर्चासत्र येते. प्रबंधाचा हा वाटा पाहता, पदवीचे खरे मोल प्रबंधाचा विषय कोणता आणि मार्गदर्शक कोण यांवर ठरते.

फळझाडांवर काम करणाऱ्यांपुढे वेळेची अडचण असते. हापूसचे कलम चांगले धरायला पाच-सहा वर्षे लागतात आणि विद्यार्थ्याच्या हाती दोनच वर्षे असतात. त्यामुळे विद्यापीठाच्या जुन्या बागेतील झाडे निवडून छाटणी, खतमात्रा, मोहोराचे नियमन किंवा फळांची साठवण असे विषय घेतले जातात. हापूसमधला साका हे याचे चांगले उदाहरण आहे. बाहेरून निर्दोष दिसणारे फळ कापल्यावर आतला गर पांढरट व स्पंजासारखा निघतो. फळ कोणत्या पक्वतेला काढावे आणि काढल्यावर उन्हापासून, तापलेल्या जमिनीपासून कसे जपावे, याची उत्तरे प्रयोगांतूनच मिळत गेली. भाजीपाल्यात मात्र एकाच वर्षात दोन-तीन हंगाम घेता येतात. एकच प्रयोग पुन्हा करून निष्कर्ष पारखण्याची सोय तिथे असते.

शहरी शेतीची वेगळी पदव्युत्तर शाखा आपल्याकडे रुळलेली नाही. संरक्षित शेती, सेंद्रिय भाजीपाला, मातीविना लागवड आणि उद्यानरचना या विषयांतून तिथे पोहोचावे लागते. या क्षेत्रातले प्रश्न मात्र स्वतंत्र आहेत. पहिला प्रश्न वजनाचा. वावरासाठी खुल्या गच्चीचा आराखडा भारतीय मानकानुसार साधारणपणे दर चौरस मीटरला १५० किलो जादा भार धरून केला जातो. पाण्याने भिजलेल्या मातीचा दहा सेंटिमीटरचा थरदेखील त्याहून जड भरतो. म्हणून गच्चीवर पालापाचोळा, नारळाचा भुसा आणि कंपोस्ट यांचे हलके मिश्रण वापरतात, मोठ्या कुंड्या तुळई व खांबांच्या वर ठेवतात आणि आधी स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घेतात.

दुसरा प्रश्न आरोग्याचा. रेल्वेमार्गालगत किंवा नाल्याच्या पाण्यावर पिकलेल्या पालेभाजीत शिसे, कॅडमियमसारखे जड धातू साठू शकतात. फळभाज्यांपेक्षा पालेभाज्यांत हा धोका अधिक असतो. पाने धुऊन वरची धूळ जाते, पण मुळांनी शोषलेला धातू तसाच राहतो. त्यामुळे माती आणि पाणी तपासल्याशिवाय लागवड करू नये. तिसरा प्रश्न खताचा. घनकचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनी मोठ्या गृहसंकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितले. त्याचे कंपोस्ट त्याच आवारातील वाफ्यांना वापरले, तर कचऱ्याची वाहतूक वाचते आणि खतही मिळते.

या वाटेवर महाराष्ट्रात आधीच मोलाचे काम झाले आहे. श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून सामान्य माणसाला प्रयोगशील शेतकरी केले. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडे वाढवली. आता अशा अनुभवांना मोजमापाची जोड हवी. एका चौरस मीटरमधून किती किलो मेथी निघते, तिला किती लिटर पाणी लागते, खर्च किती येतो, पावसाळ्यात काय टिकते, हे नोंदवून ठेवणे पदव्युत्तर विद्यार्थ्याला सहज जमण्यासारखे आहे.

पदवीनंतर पीएच.डी., राष्ट्रीय पात्रता परीक्षा आणि अध्यापन ही एक वाट आहे. कृषी सेवेच्या परीक्षा, रोपवाटिका, बियाणे व निर्यात कंपन्या, पॉलिहाऊस आणि उद्यानरचना व्यवसाय या इतर वाटा आहेत. महापालिकांच्या उद्यान विभागांतही अशा तज्ज्ञांना काम असते. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे झाड तोडण्याची परवानगी, पुनर्रोपण आणि वृक्षगणना ही कामे नागरी संस्थांकडे आली आहेत.

प्रवेश घेण्याआधी इच्छुकांनी विभागातले जुने प्रबंध चाळावेत, प्रक्षेत्र आणि प्रयोगशाळा प्रत्यक्ष पाहाव्यात आणि आपला प्रश्न कोणता हे ठरवावे. शहरी शेतीकडे वळायचे असेल, तर भाजीपाला शास्त्र मुख्य विषय आणि मृदाशास्त्र जोडविषय ही निवड सर्वांत उपयोगी ठरते.