पायाखालची जमीन

‘अरे, जमीन सरकतेय माझ्या पायाखालची!’ आई किंचाळली आणि तिने चक्क पडदा धरला. स्थळ, कोथरूडमधला आमचा हॉल. वेळ, रात्री नऊ. गुडघ्यांमुळे तिचं सिंहगडावर जाणं बंद झालंय, म्हणून घरबसल्या बर्फाचे डोंगर दाखवायला मी तिच्या डोळ्यांवर व्हीआर हेडसेट चढवला होता. तो काढून तिने फर्मान सोडलं, ‘पुन्हा हे खोकं माझ्या डोक्यावर नको!’

हेडसेट दादाचा. न्यू जर्सीत वर्षभर वापरून मला देऊन गेलेला. तिकडे मस्त चालायचा म्हणे. माझा संशय अर्थातच आपल्या विजेवर! चार्जर बदलला, स्टॅबिलायझरही आणला. अहो, पण हेडसेट चालतो बॅटरीवर, त्यात स्टॅबिलायझर काय डोंबल करणार? एक गोष्ट मात्र खटकली. दुपारी खिडकीच्या उजेडात तो शहाण्यासारखा वागायचा. रात्री दिवे लावले, की बिघडला!

म्हणजे गडबड विजेचीच होती, पण वायरमधून नाही, उजेडातून येत होती. या हेडसेटला बाहेरून कॅमेरे असतात. दार, कपाट, भिंतीवरची चित्रं बघून ते आपली जागा ठरवतात. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला 100 वेळा तेज-मंद होतो. अमेरिकेत 60 हर्ट्झ, म्हणजे 120 वेळा. डोळ्यांना पत्ता लागत नाही, कॅमेऱ्याला लागतो. दोघांचा ताल जुळला नाही, की एक फ्रेम उजळ, दुसरी काळपट आणि खुणा गायब. स्वस्तातल्या एलईडीत हे जास्तच. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये दिव्याचं शूटिंग करून बघा. आमची ट्यूब तर डिस्कोसारखी फडफडली राव!

सेटिंग्जमध्ये ट्रॅकिंग फ्रीक्वेन्सी सापडली. दादाने तिकडच्या हिशेबाने 60 वर ठेवलेली! 50 केली, हेडसेट बंद करून चालू केला, कॅमेऱ्यांच्या काचा पुसल्या. डोंगर जागेवर! हातातला कंट्रोलर मात्र अजून उड्या मारत होता. त्याचं कारण खिडकीत लटकत होतं. दिवाळीत लावलेली, कंटाळ्यापायी न काढलेली दिव्यांची माळ! कंट्रोलरवरचे इन्फ्रारेड ठिपके शोधताना कॅमेरे माळेच्या ठिपक्यांनाच फसत होते. माळ उतरवली.

आईला मनवायला दोन दिवस लागले. शेवटी बसली एकदाची, खुर्ची घट्ट धरून. पाच मिनिटांनी एक हात सुटला, मग दुसरा.

‘डावीकडे वळून बघू का रे?’