मोबाईल ॲपमध्ये माहिती एका स्क्रीनवरून दुसरीकडे कशी जाते?

गेल्या वर्षी दहावीच्या परीक्षेसाठी नावे पाठविण्यापूर्वी आम्ही यादी तपासत होतो, तेव्हा एक घोटाळा लक्षात आला. चौगुले हे आडनाव आपल्या निपाणी भागात पुष्कळ घरांत आढळते. रोमन लिपीत त्याची सुरुवात कोणी सी-एच-ए-यू अशी करतो, कोणी सी-एच-ओ-यू अशी. आमच्या एका विद्यार्थिनीच्या आधार कार्डावर 'ओ' होता आणि शाळेत 'ए' लागला होता. तिच्या आईने जूनमध्येच येऊन हे सांगितले होते. कारकुनांनी शाळेच्या ॲपमध्ये त्याच दिवशी दुरुस्तीही केली होती. तरीही गुणांच्या स्क्रीनवरून काढलेल्या यादीत पुन्हा 'ए' आला! एस.एस.एल.सी.च्या गुणपत्रिकेवरचे नाव पुढे कॉलेज, नोकरी, पासपोर्ट सगळीकडे पुरावा म्हणून दाखवावे लागते. एका अक्षरासाठी त्या मुलीला वर्षानुवर्षे हेलपाटे घालावे लागले असते. आम्ही कारकुनांवर रागावलो. ते काही बोलले नाहीत. चूक त्यांची नव्हतीच, हे आम्हाला रविवारी कळले.

हे ॲप आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने तयार करून दिले आहे. तो रविवारी आला आणि फळ्यावर आकृती काढून त्याने आम्हाला सर्व समजावून सांगितले. आमची पदवी हिंदी माध्यमातली आणि संगणक हाताळायला शिकलो तो चाळिशीनंतर. त्यामुळे आम्हाला समजले ते कोणालाही समजेल, या विश्वासाने येथे मांडत आहोत.

ॲपची स्क्रीन आपल्याला एकसंध दिसते, पण ती लहान लहान भागांची बनलेली असते. वरची पट्टी, नावाची ओळ, हजेरीचा चौकोन, खालचे बटण, असे हे भाग. हिंदीत घटक म्हणतात, मराठीतही घटकच. मात्र मुले कंपोनंट म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू. कंपोनंटच्या आत कंपोनंट असतो. वर्गाच्या यादीत चाळीस ओळी असतील, तर यादी हा मोठा कंपोनंट आणि प्रत्येक ओळ हा त्याच्या पोटातला लहान कंपोनंट. प्रश्न असा, की नाव यादीला माहीत आहे, ते ओळीपर्यंत पोहोचायचे कसे?

आपल्या शाळेतील सूचना वही आठवावी. कार्यालयात सूचना लिहिली जाते, शिपाई मामा ती वही वर्गावर्गांत नेतात, शिक्षक वाचून दाखवितात व सही करतात. वर्गात त्या सूचनेत कोणी खाडाखोड करीत नाही. सहलीची तारीख आठवी 'ब' ला अडचणीची असेल, तर वर्गशिक्षक चिठ्ठी पाठवितात. बदल करायचा तर तो कार्यालय करते आणि नवी सूचना पुन्हा सर्व वर्गांत फिरते. फेसबुकने २०१३ मध्ये खुले केलेले रिॲक्ट आणि मोबाईलसाठी २०१५ मध्ये आणलेले रिॲक्ट नेटिव्ह यांची रीत अगदी हीच आहे. वरचा कंपोनंट खालच्याला जी माहिती देतो तिला प्रॉप्स म्हणतात. खालच्याने ती फक्त वाचायची, बदलायची नाही. कंपोनंटची स्वतःची बदलती माहिती असते ती स्टेट. खालच्याला काही बदलून हवे असेल, तर वरच्याने त्याच्या हाती आधीच एक फंक्शन देऊन ठेवलेले असते, ते त्याने चालवायचे. हीच त्याची चिठ्ठी. स्टेट वर बदलते आणि नवे प्रॉप्स आपोआप खाली येतात. गुगलच्या फ्लटरमध्ये शब्द निराळे आहेत, पण माहिती खाली व चिठ्ठी वर हा क्रम तोच.

मग आमच्याकडे बिघडले कोठे? गुणांची स्क्रीन करताना या मुलाने, काम लवकर उरकावे म्हणून, नाव प्रॉप्समधून वाचण्याऐवजी त्या स्क्रीनच्या स्वतःच्या साठ्यात उतरवून घेतले. म्हणजे वर्गशिक्षकांनी सूचना वही परत केली, पण मजकूर आपल्या डायरीत लिहून ठेवला आणि पुढे वर्षभर डायरीच वाचत राहिले. जूनमधली दुरुस्ती प्रवेशाच्या स्क्रीनवर झाली. डायरीला तिचा पत्ताच नव्हता. "सर, एकच नाव मी तीन ठिकाणी ठेवलं होतं," असे त्याने मोकळेपणाने सांगितले.

यात त्याला फार दोष देता येत नाही, मोठमोठ्यांचेही असेच झालेले आहे. फेसबुकवर कधी काळी न वाचलेल्या संदेशाचा आकडा दिसे, उघडून पाहावे तर नवा संदेश नाही. दुरुस्त केले, की काही दिवसांनी पुन्हा तेच. एकच माहिती पानावरचे अनेक भाग आपापल्या परीने बदलीत होते. माहिती एकाच दिशेने वाहावी ही फ्लक्स नावाची रचना २०१४ मध्ये त्यांनी लोकांसमोर मांडली, तेव्हा हेच उदाहरण दिले होते. आणि आपले स्वतःचे उदाहरण तर घरचेच आहे. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातील बारा शहरांची शासकीय नावे बदलली, त्यांत बेळगावचे बेळगावी झाले. त्यानंतर बरेच दिवस आमच्या दाखल्यावर वर छापील एक नाव आणि खाली शिक्क्यात दुसरे असे चालले होते. नाव किती ठिकाणी उतरवून ठेवले आहे, हे बदलायची वेळ येईपर्यंत कळत नाही.

एका स्क्रीनवरून दुसऱ्या स्क्रीनवर जाताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. नवी स्क्रीन उघडली तरी बहुधा जुनी तिच्याखाली तशीच पडून असते, पत्त्यांच्या गड्डीसारखी. म्हणून पुढच्या स्क्रीनला विद्यार्थ्याची सगळी माहिती बांधून देऊ नये. फक्त त्याचा नोंदणी क्रमांक द्यावा. पुढची स्क्रीन त्या क्रमांकावरून मूळ साठ्यातून ताजी माहिती काढून घेते. यात दुसराही फायदा आहे. अँड्रॉइडमध्ये अशा देवाणघेवाणीसाठी सुमारे १ एम.बी. एवढीच जागा असते, आणि तीही त्या ॲपच्या त्या वेळी चालू असलेल्या सर्व व्यवहारांत मिळून. सोबत मोठा फोटो बांधून दिला तर ॲप बंद पडते.

वर्ग फार असले, की सूचना वही पाच हातांतून जाते, आणि मधल्या चौघांना तिचे काही कामही नसते. अशा वेळी व्हरांड्यातला फलक बरा. रिॲक्टमध्ये याला कॉन्टेक्स्ट म्हणतात. शाळेचे नाव, चालू वर्ष, ॲपची भाषा अशा सर्वांना लागणाऱ्या गोष्टी त्यावर लावाव्यात. मात्र सगळेच फलकावर लावण्याचा मोह आम्हाला मान्य नाही. गर्दी झालेला फलक कोणी वाचत नाही, आणि त्यावर कोणी काय लावले हे शोधताना नाकी नऊ येतात.

त्या रविवारी दुपारपर्यंत त्याने गुणांच्या व हजेरीच्या स्क्रीनमधील नावांचे साठे काढून टाकले. आता नाव फक्त प्रवेशाच्या नोंदीत आहे, बाकीच्या स्क्रीन क्रमांकावरून ते वाचतात. सोमवारी आम्ही कारकुनांची क्षमा मागितली. यादी वेळेत गेली, 'ओ' सह. छापील हजेरीपटावर मात्र 'ए' तसाच होता. तो त्यांनी लाल शाईने दुरुस्त करून शेजारी सही केली आहे.