शाळेचें आरोग्य आणि समिति

शाळेच्या आरोग्याचें धोरण मुख्याध्यापकानें एकट्यानें लिहिलें, तर तें बहुधा त्याच्या बदलीबरोबरच संपतें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत निदान तीन-चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असाव्यात असें ठरविलें, तें याचसाठीं उपयोगी आहे. शासनाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें मध्याह्न भोजन वाढण्यापूर्वीं दोनतीन प्रौढांनीं चाखावयाचें. त्यांत एक तरी शिक्षक हवा. पण शिक्षकाची जीभ रोजच्या खिचडीला सरावते; कच्ची डाळ आईला पहिल्याच घासाला कळते. म्हणून मातांच्या पाळ्या लावाव्या, वहींत सही घ्यावी आणि सभेच्या आरंभीं ती वही वाचावी. पाण्याची टाकी कोणीं, केव्हां धुतली, हेंही तींतच असावें. मजुरीवर जाणाऱ्या आईसाठीं सभा सायंकाळीं भरवावी. एरवीं गणसंख्या कागदावरच पुरी होते.