म्हसवडमध्ये चांगला चहा-कॅफे कसा शोधाल? स्टारपेक्षा ‘हा’ १४ अंकी नंबर महत्त्वाचा

सातारा-पंढरपूर मार्गावर म्हसवडला थांबताय? मॅपवर पाच स्टार दिसले म्हणून लगेच गाडी वळवू नका. ते किती जणांनी दिलेत, ते आधी बघा. लहान गावात तीन-चार रिव्ह्यूंवरही रेटिंग झळकतं, आणि त्यातले दोन मालकाच्या मित्रांचे असू शकतात!

दुकानात एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर लावणं बंधनकारक आहे. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावरही लागतो. ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर तो तपासता येतो.

घरच्यांनी चालवलेली अनेक दुकानं मात्र मॅपवर नसतातच. याच म्हसवडमध्ये १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली, ती महिलांच्या अशाच छोट्या व्यवसायांसाठी. चहा आवडला तर दुकान मॅपवर जोडा, फोटो टाका. पुढच्या गिऱ्हाइकाला ते सापडेल.