अतिभोजन आणि ख्रिस्ती साधना

भुकेविषयी बोलणे हा माझा व्यवसायच आहे. गेली तीस वर्षे मी कारखान्यांच्या फाटकांवर पोटाविषयी बोलत आलो. पण ते रिकाम्या पोटाविषयी. भरल्या पोटाचेही एक दुःख असते, आणि ते रिकाम्या पोटाच्या दुःखाइतकेच माणसाला एकटे पाडते, हे मला फार उशिरा कळले.

आमच्या संघटनेत वसईकडचा एक कॅथलिक कार्यकर्ता आहे. अंगाने चांगलाच स्थूल. एका फाटकसभेत मी त्याच्या पोटावरून विनोद केला. सभा हसली, तोही हसला. पुढे काही दिवसांनी रात्रपाळीला गोदामामागे तो एकटाच बसून जेवताना मला दिसला. सर्वांबरोबरचे जेवण तासापूर्वीच झाले होते. हा दुसरा डबा होता. मला पाहताच त्याने घाईने झाकण लावले. ती घाई माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. माझा विनोद मला तेव्हा परत ऐकू आला. नंतर त्यानेच एकदा बोलण्याच्या ओघात सांगितले, “दादा, उपवासकाळाचे चाळीस दिवस मी काटेकोर पाळतो, आणि ईस्टरला संध्याकाळपर्यंत सगळे भरून काढतो.” मी स्वतः देवभक्त नाही. परंतु या माणसाच्या धर्माने त्याच्या दुखण्याविषयी काय विचार केला आहे, तो पाहावा असे मनात आले, आणि वाचावयास बसलो.

पहिलीच गोष्ट मला चकित करून गेली. खुद्द येशूला त्याचे विरोधक खादाड आणि दारुडा म्हणत, असे शुभवर्तमानांत नमूद आहे. तो जकातदारांच्या पंक्तीला बसे. त्याच्या कितीतरी कथा जेवणावळींच्या आहेत. शिवाय बाहेरून पोटात जाणारे अन्न माणसाला विटाळीत नाही, अशी त्याची शिकवण. तेव्हा अमुक पदार्थ पवित्र आणि तमुक निषिद्ध हा मार्ग ख्रिस्ती माणसाला फारसा मोकळा राहिला नाही. दोष शोधावयाचा तो ताटात नव्हे, खाणाऱ्याच्या मनात, हे ओघाने आले.

हा शोध सर्वांत कसून घेतला तो चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या संन्याशांनी. त्यांच्यातला एक विद्वान एवाग्रियस हा इ. स. 399 मध्ये वारला. माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची त्याने यादी केली, आणि तीत पहिला क्रमांक खादाडपणाला दिला. हा विचार संन्याशाच्या मनात कसा शिरतो, याचे त्याने केलेले वर्णन वाचण्याजोगे आहे. आपल्याला वाटेल, त्याला पक्वान्ने दिसत असतील. तसे नाही. त्याला आपले पोट, यकृत आणि प्लीहा बिघडलेली दिसते, जलोदर दिसतो, लांबलेले आजारपण दिसते, आणि जवळ वैद्य नाही हे आठवते. म्हणजे मुळाशी जिभेचे लाड नसून भीती आहे. उद्या आपले कसे होईल, ही भीती.

हे मला पटले, कारण ती भीती माझ्या ओळखीची आहे. 1982 चा गिरणी संप झाला तेव्हा मी शाळकरी मुलगा होतो. घरात भाकरी मोजून मिळे. आज तशी वेळ नाही, तरी ताटातले संपविल्यावाचून मला उठवत नाही आणि पंक्तीत वाढपी पुढे सरकला की जीव खालीवर होतो. याला कोणी हावरेपणा म्हणेल. म्हणोत बापडे, पण हावऱ्या माणसाला उपदेश करण्यापूर्वी त्याने कोणते दिवस काढले आहेत, एवढे विचारावे.

या वाळवंटातली विद्या पश्चिमेकडे नेली जॉन कॅसियन याने. त्याने पुढे फ्रान्समधील मार्सेय येथे मठ स्थापिले आणि खादाडपणावर एक संपूर्ण प्रकरण लिहिले. उपवासाला एकच नियम सर्वांना लावता येणार नाही, हे तो तेथे स्पष्ट सांगतो. एकाला दोन पौंड भाकरीने जड होत नाही, दुसऱ्याला त्याहून पुष्कळ कमी खाऊनही जड होते. माप वेगळे, ध्येय मात्र एकच. आपल्याकडे गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही असे म्हटले आहे, त्याच्या शेजारी हा विचार ठेवून पाहावा.

याच कॅसियनने एक गोष्ट सांगून ठेवली आहे. सेरापियन नावाचा मुलगा एका वृद्ध गुरूपाशी राहत असे. दोघांचे दिवसाचे जेवण तिसऱ्या प्रहरी होई. ते झाले की हा मुलगा एक सुकी भाकरी हळूच कपड्यात लपवी आणि नंतर चोरून खाई. खाताना जेवढे सुख होई त्याहून जास्त दुःख खाल्ल्यावर होई. तरी दुसऱ्या दिवशी हात पुन्हा तिकडेच जाई. जणू कोणी मुकादम मानगुटीवर बसून त्याच्याकडून चोरी करवून घेत होता. एके दिवशी काही पाहुणे आले आणि गुरू सहजच खादाडपणाविषयी व लपवून ठेवलेल्या विचारांच्या जोराविषयी बोलू लागले. मुलाला वाटले, हे मलाच उद्देशून आहे. तो हुंदके देऊ लागला, आणि कपड्यातली भाकरी काढून त्याने सर्वांसमोर ठेवली. गुरू रागावले नाहीत. त्यांनी प्रायश्चित्तही सांगितले नाही. मी काही बोलण्यापूर्वीच तुझ्या कबुलीने तू सुटलास, अशा अर्थाचे ते बोलले. त्यानंतर ती ओढ त्याला पुन्हा लागली नाही, असे कॅसियन लिहितो.

सोळाशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट वाचताना मला गोदामामागचा डबा आठवला. दोन्ही ठिकाणी खाणे चोरटे आहे आणि त्याचा जोर त्या चोरटेपणात आहे. उपवासाने तो जोर मोडत नाही. आमच्या मित्राचा चाळीस दिवसांचा अनुभव तेच सांगतो. लपविलेले कोणापुढे तरी उघडे करावयाचे, आणि ऐकणाऱ्याने दगड उचलावयाचा नाही, एवढ्यावर ख्रिस्ती उपायाची सारी मदार आहे असे मला वाटते. बाकीची प्रार्थना, उपवास, नेम ही त्या भोवतीची व्यवस्था.

व्यवस्थेचा प्रश्न मात्र क्षुल्लक नाही. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टने मठांसाठी जी नियमावली केली, तिचे एकोणचाळिसावे प्रकरण जेवणावर आहे. दिवसाला दोन शिजवलेले पदार्थ आणि माणशी एक पौंड भाकरी. अतिभोजनाने अपचन होऊ देऊ नये. मात्र श्रम अधिक पडले असतील तर अधिक अन्न देण्याची मुभा मठाधिपतीला आहे. कामाचा भार वाढला तर भाकरी वाढली पाहिजे, हे तत्त्व किती मालकांच्या गळी उतरविताना आमचे आयुष्य गेले! असो. त्याच शतकाच्या शेवटी पोप झालेल्या ग्रेगरीने खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले: वेळेपूर्वी खाणे, उंची खाणे, जास्त खाणे, अधाशीपणे खाणे आणि फार चोखंदळपणे खाणे. या पाचांत प्रमाणाचा दोष एकच आहे. तेव्हा बारीक माणसांनी आपण सुटलो असे समजू नये.

आता एकदम अमेरिकेत येऊ, कारण सेरापियनची भाकरी पुन्हा बाहेर आली ती तेथे. 1935 साली ओहायो राज्यात अॅक्रन येथे दोन मद्यपी भेटले आणि त्यांतून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ निघाली. दोघेही ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती मंडळात जात, आणि दोष एकमेकांपुढे उघड सांगण्याची रीत त्यांनी तेथूनच उचलली. त्यांच्या बारा पायऱ्यांतील पहिली म्हणजे आपण हतबल आहोत हे मान्य करणे, आणि पाचवी म्हणजे देवापुढे, स्वतःपुढे आणि दुसऱ्या एका माणसापुढे आपल्या चुका कबूल करणे. 1960 च्या जानेवारीत लॉस एंजेलिसमध्ये तीन स्त्रियांनी हाच मार्ग खाण्याला लावला आणि ओव्हरईटर्स अॅनॉनिमस सुरू झाले. ही संस्था स्वतःला कोणत्याही धर्माची म्हणवीत नाही. देव ज्याला जसा कळेल तसा. सभासद होण्यास वर्गणी नाही, आवेगाने खाणे थांबविण्याची इच्छा पुरे. युनियन बांधणाऱ्या माणसाला हे लगेच कळते. एकटा कामगार साहेबापुढे जातो तेव्हा त्याचे पाय कापतात. तोच चौघांबरोबर गेला की आवाज फुटतो. आवेगापुढेही तसेच आहे.

परंतु याच देशात याच श्रद्धेला दुसरे वळणही लागले. 1957 साली चार्ली शेड या प्रेस्बिटेरियन पाळकाचे प्रार्थनेने वजन उतरविण्याविषयीचे पुस्तक आले. त्यात लठ्ठपणा हे जणू काट्यावर मोजता येणारे पापच ठरविले होते. पुढे 1986 मध्ये ग्वेन शँब्लिन या आहारतज्ज्ञ बाईंनी टेनेसीत ‘वे डाउन’ हे वर्ग सुरू केले आणि ते हजारो चर्चांतून पसरले. त्यांचे मूळ सांगणे वाईट नव्हते: पोटाची भूक आणि मनाची भूक वेगळी ओळखा, पोटाला लागली तर खा, मनाला लागली तर देवाकडे वळा, कोणताही पदार्थ वर्ज्य नाही. अनेकांना त्याचा गुण आला. पण 1999 मध्ये त्यांनी स्वतःचे चर्च काढले, आणि तेथे सडपातळपणा हा देवाच्या आज्ञाधारकतेचा पुरावा मानला जाऊ लागला, अशी तक्रार त्यातून बाहेर पडलेल्यांनी केली. 2021 मध्ये विमान अपघातात त्यांचा अंत झाला. श्रद्धेची मोजणी काट्यावर होऊ लागली की भाकरी परत कपड्यात जाते. जेथे वजन उघडे आणि मन झाकलेले, तेथे कबुली कोण देणार?

डॉक्टरांचे म्हणणेही येथेच नोंदवितो. आवेगाने, आटोक्याबाहेर खाणे हा स्वतंत्र मानसिक विकार म्हणून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीत 2013 साली दाखल झाला. अशा रुग्णाला कडक उपवास उलटण्याचा धोका असतो. कॅथलिक चर्चची सक्तीही आज फार नाही: उपवासाचे बंधन राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी, तेही अठरा वर्षे पूर्ण झालेल्या आणि साठावे वर्ष न लागलेल्या माणसाला, आणि आजाऱ्याला सूट. तेव्हा धर्माच्या नावाने उपचार टाळण्याचे कारण नाही.

हे सारे वाचून झाल्यावर मी आमच्या मित्राकडे गेलो. आधी त्या विनोदाबद्दल माफी मागितली. तो म्हणाला, त्याहून वाईट विनोद तो स्वतःवरच करीत असे, लोकांनी आधी करू नयेत म्हणून. मग मी त्याला सेरापियनची गोष्ट सांगितली. त्याने ती कधी ऐकली नव्हती. बराच वेळ तो गप्प राहिला, आणि त्या मुलाचे वय काय असेल, एवढेच त्याने विचारले.

हल्ली तो गावातल्या दोघांबरोबर आठवड्यातून एकदा चर्चच्या पडवीत बसतो. एकाची दारू आहे, दुसऱ्याचे याच्यासारखेच. डॉक्टरकडेही जातो. वजन किती उतरले हे मी विचारलेले नाही. मधूनमधून रात्रपाळीला त्याच्याकडे दुसरा डबा असतो, पण तो आणल्याचे तोच आम्हाला सांगतो, आणि कधीकधी त्यातली अर्धी पोळी माझ्या पानावर येते.